खारपाणपट्ट्यातल्या माणसाला मीठ देताना

ऑपरेशन चांगलं झालं की पेढे सर्जनकडे जातात, आणि पेशंट उठायला जरा उशीर झाला की सगळे माझ्याकडे बघतात. भूल देणाऱ्या डॉक्टरच्या नशिबी हे असतंच. खामगाव, चिखली, बुलढाणा या पट्ट्यातल्या लहानमोठ्या दवाखान्यांत मी जन्मभर भूल देत हिंडले. 'भूलतज्ज्ञ' हा शब्द आमच्याकडे फक्त पाटीवर असतो. लोकांच्या तोंडी मी 'गुंगीवाल्या बाई'.

माझं गाव उंद्री. वडील तिथे शाळेत मास्तर होते. मी डॉक्टर झाले तेव्हा गावातल्या एका म्हाताऱ्यानं त्यांना भर चौकात विचारलं होतं, "गुरुजी, पोरीले येवढं शिकवलं, अन् ते लोकायले निस्ती झोपवते?" वडिलांना सवालजवाबाची हौस होती. ते म्हणाले, "झोपवाले काय लागते? माही पोरगी उठवते." हे त्यांनी पुढे इतक्या लोकांना ऐकवलं की मला गावात जायची लाज वाटायला लागली. आज ते नाहीत, आणि वाक्य मीच लोकांना ऐकवत असते.

गुंगीबद्दल लोकांच्या डोक्यात काय काय असतं. हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आलेल्या एका गृहस्थांची ठाम समजूत होती की गुंगीत माणूस सगळं खरं बोलून टाकतो. बायकोला थिएटरच्याच नाही, दवाखान्याच्या आवाराबाहेर पाठवा, नाहीतर मी टेबलावर चढत नाही, असं त्यांनी सांगितलं. बाई बिचाऱ्या रस्त्यापलीकडच्या हॉटेलात जाऊन बसल्या. गृहस्थांनी उठता उठता जे काही बरळायचं ते बरळलं, आणि ते सगळं एका बैलाला उद्देशून होतं. वळ, सरक, पाय उचल, एवढंच. शुद्धीवर आल्यावर घाबऱ्या आवाजात मला म्हणाले, "काई बोललो काय मी?" मी म्हटलं, बैलाशी बोललात. त्यांचा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी लपवण्यासारखं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही, आणि विचारायची हिंमतही झाली नाही.

दिवाळी अंकासाठी लिहायचं म्हटल्यावर असे किस्से पुष्कळ सांगता येतील. पण ज्याचा मला मनापासून अभिमान वाटतो असा दिवस विचाराल तर तो रमजानभाईंचा. त्यासाठी आधी दोन गोष्टी सांगाव्या लागतील, एक आमच्या त्या वर्षांची आणि एक यंत्राची.

बीटी कापूस आमच्याकडे आला तेव्हा आता बोंडअळीला औषध मारायला नको, असं जो तो सांगत होता. काही वर्षं अळी खरंच दिसेनाशी झाली. मग मावा आणि तुडतुडे माजले, पाठीवरचे पंप पुन्हा बाहेर निघाले, आणि शेवटी अळीही परत आली. पोळ्याच्या पुढे-मागे दवाखान्यात दोन तऱ्हेची माणसं यायला लागली. फवारताना औषध अंगावर उडालेली, आणि औषध स्वतःच्या हातानं प्यायलेली. दोघांनाही श्वास कमी पडायचा, आणि श्वास देणं हे माझं काम असल्यामुळे कोणत्याही दवाखान्यातून मला फोन यायचा. बरेच वाचले. जे वाचले नाहीत त्यातले दोन-तीन चेहरे मला अजून दिसतात, आणि त्यांच्याबद्दल लिहायला माझा हात उचलत नाही.

त्या वर्षांनी आम्हा सगळ्या डॉक्टरांना एक सवय लावली. माणूस ओकतोय, घामाघूम झालाय, बरळतोय, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्यात, असं दिसलं की दुसरा विचार येण्याआधी हात ॲट्रोपिनच्या इंजेक्शनकडे जायचा. विषावरचं ते औषध. या सवयीनं पुष्कळांचे जीव वाचवले आहेत, म्हणून मी तिला नावं ठेवणार नाही.

आता यंत्राची गोष्ट. निखिल हा आमच्याच जिल्ह्यातला, रोहिणखेडचा मुलगा. नागपूरला रेडिओलॉजी शिकला आणि तिथेच राहिला. महिन्याकाठी एकदा खामगावला आमच्या दवाखान्यात यायचा, गाडीच्या डिकीत गाठ जाळण्याचं यंत्र घेऊन. पोट न फाडता, सीटी स्कॅनच्या पडद्यावर बघत बघत एक लांब सुई कातडीतून थेट गाठीत नेऊन टेकवायची, सुईतून वीज सोडायची, आणि गाठ आतल्या आत शिजवून टाकायची. माणूस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पायांनी चालत घरी जातो. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा निखिलला म्हटलं, हे तर भाजलेल्या वांग्यासारखं झालं, देठ धरा आणि सोला. तो हसला, पण पुढच्या वेळी पेशंटला समजावून सांगताना त्यानं वांगंच वापरलं.

यात एक भानगड असते. गाठीला खेटून आतडं असेल तर गाठीबरोबर तेही भाजतं, आणि आतड्याला भोक पडलं तर सगळं मुसळ केरात. म्हणून दुसऱ्या बारीक सुईनं गाठ आणि आतड्याच्या मध्ये पाणी सोडतात. पाण्यानं आतडं लांब सरकतं. हे पाणी मिठाचं असून चालत नाही, कारण मिठाच्या पाण्यातून वीज पळते आणि नको तिथे जाते. म्हणून ग्लुकोजचं पाणी घेतात. आपल्याकडे वर टांगलेल्या कोणत्याही बाटलीला लोक सलाइन म्हणतात, पण ग्लुकोजच्या बाटलीत मिठाचा कणसुद्धा नसतो. आत सोडलेलं हे पाणी हळूहळू रक्तात मुरतं. त्यातली साखर शरीर वापरून टाकतं आणि उरतं नुसतं पाणी.

पाण्यानं काय होणार, असं कोणालाही वाटेल. रक्तात मीठ ठरावीक प्रमाणात लागतं. पाणी फार झालं की रक्त अळणी होतं आणि ते पाणी अवयवांत शिरतं. पाय सुजला तर माणूस चप्पल काढून बसतो, पण मेंदू कवटीत बंद असतो, त्याला सुजायला जागा नसते. आधी डोकं दुखतं, मग मळमळतं, मग माणूस भलतंच बोलायला लागतो, मग फिट येते. धडधाकट माणसाच्या किडन्या जास्तीचं पाणी लघवीवाटे काढून टाकतात. पण दुखणं आणि मळमळ असली की शरीर पाणी धरून ठेवतं, आणि किडनीच मुळात अधू असेल तर पाण्याला बाहेर जायला वाटच राहत नाही.

रमजानभाईंना किडनी एकच होती.

ते नांदुऱ्याच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यात, फिटर होते. कापसाच्या हंगामात यंत्र बंद पडलं की मालकापासून हमालापर्यंत सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत. राहायला पूर्णेकडच्या एका गावात, म्हणजे खारपाणपट्ट्यात. तिकडे विहीर खणा नाहीतर बोअर मारा, खारंच पाणी लागतं. त्यात डाळ शिजत नाही, अंगाला साबण लागत नाही, आणि घरोघर किडनीचा एक तरी पेशंट सापडतो. रमजानभाईंचे वडील किडनीनं गेले, मोठा भाऊ किडनीनं गेला. त्यांची स्वतःची डावी किडनी गाठ निघाली म्हणून काढून टाकलेली होती, आणि आता उजवीवर दुसरी गाठ दिसत होती. ती किडनीही काढली असती तर उरलेला जन्म डायलिसिसच्या खाटेवर. गाठ तेवढी जाळता आली तर किडनी वाचणार होती.

आदल्या दिवशी मी त्यांना तपासायला गेले. सडपातळ, नीटनेटका माणूस, नखांत काळं ग्रीस कायमचं बसलेलं. बायको जैतुनबी खाटेच्या पायथ्याशी उभी. जेवणाखाण्याचं विचारलं तर रमजानभाई छाती काढून म्हणाले, "मीठ तं मी सोडूनच देलं, मॅडम. आमच्या घराचा दुश्मन हाय तो. लग्न झालं तवापासून सायकलीवर कॅनी बांधून गोड पानी आनतो. पोरायच्या पोटात खारं पानी मी जाऊ देलं नाई."

"तुमीबी सांगा यायले," जैतुनबी म्हणाली, "पन वरनात चिमूटभर तरी टाकू द्या म्हना. लेकरं जेवत नाईत."

त्यांच्या रक्तातलं मीठ, म्हणजे सोडियम, तपासणीत कमीच्या काठावर आलं होतं. मी निखिलला सांगितलं, या माणसाच्या बाबतीत पाणी बेतानं. तो म्हणाला, बेतानंच, मॅडम, पण आतड्यानं ऐकलं पाहिजे.

आतड्यानं ऐकलं नाही. सीटीच्या टेबलावर रमजानभाई माझ्या गुंगीत शांत होते, आणि पडद्यावर आतडं पाण्यानं सरकायचं, जरा थांबायचं, की परत गाठीला येऊन खेटायचं. निखिल पुन्हा पाणी सोडायचा. किती पाणी गेलं ते मी त्याला मोठ्यानं ऐकवत होते आणि तो मान हलवत होता. एका क्षणी त्यानं माझ्याकडे बघितलं. दोन वाटा होत्या. इथेच थांबायचं आणि किडनीची आशा सोडायची, किंवा पुढे जायचं आणि पाण्याचं मी बघायचं. मी म्हटलं, तू गाठ बघ. शेवटी त्यानं सुईवाटे जमेल तेवढं पाणी परत ओढून घेतलं, पण बरंचसं तोवर अंगात मुरलं होतं. गाठ मात्र पूर्ण जळाली. निखिल हातमोजे काढताना शीळ घालत होता.

मी वॉर्डात सांगून ठेवलं. ग्लुकोजची बाटली लावायची नाही, पाणी घोटभरच द्यायचं, संध्याकाळी सोडियम तपासायचं, बोलण्यात जरा फरक वाटला तर मला हाक मारायची. सिस्टर सुनंदानं ते जैतुनबीलाही सांगितलं. मग मी शेजारच्या थिएटरमध्ये एका सिझेरियनला गेले आणि निखिल नागपूरच्या वाटेला लागला.

इकडे भेटायच्या वेळेत अर्धं गाव आलं. आपल्याकडे पेशंटला भेटायला जायचं म्हणजे काहीतरी पाजल्याशिवाय परतायचं नाही. आणि किडनीचा पेशंट म्हटला की प्रत्येक जण वैद्य होतो. पाणी पाजा, किडनी धुऊन निघते. गावाहून गोड पाण्याच्या दोन लहान कॅनी आल्या होत्या, खास रमजानभाईंसाठी. जैतुनबी नको म्हणत होती, पण नवऱ्याकडच्या वडीलधाऱ्यांसमोर सून किती बोलणार? मामानं ग्लास भरला, चुलत्यानं भरला, आणि रमजानभाईंना तहान होतीच. सुनंदा गोळ्या वाटून परत येईपर्यंत एक कॅन रिकामी झाली होती.

दिवस कलताना मला बोलावणं आलं. वॉर्डात शिरले तर ड्युटीवरचे डॉक्टर ॲट्रोपिन भरून उभे. हे गृहस्थ अनेक वर्षं सरकारी दवाखान्यात काढून आमच्याकडे आलेले, विषबाधेचे पेशंट त्यांनी माझ्याहून जास्त बघितलेले. म्हणाले, "ओकतोय, बरळतोय, बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्यात, आणि वास येतोय. भाऊ म्हणतो, काहीतरी घेतलंय."

वास खरंच येत होता. फवारणीच्या औषधाचा तो वास आमच्याकडे शाळकरी पोरसुद्धा ओळखतं.

धाकटा भाऊ हमीद खाटेशी रडवेला होऊन उभा होता. "मॅडम, भाई कालपासून गप गप होते. म्हने, मशीनवर जगन्यापरीस मेलेलं बरं. त्यायनं काई घेतलं असन. पोलिसायले कळवावं लागते काय?"

जैतुनबीनं ओला फडका खाली ठेवला. आवाज चढवला नाही तिनं, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "मी सकायपासून इथून हल्ली नाई. मले इचारा. त्यायनं काई घेतलं नाई, कोनी काई देलं नाई. असं करनारा मानूस नोय तो."

मी रमजानभाईंकडे वाकले. बाहुल्या बारीक होत्या, पण दुखू नये म्हणून मीच दिलेल्या औषधानं त्या तशा होतात. विष घेतलेल्या माणसाच्या तोंडातून लाळ गळते, छातीत घरघर असते, नाडी मंदावते. यांचं तोंड कोरडं, छाती स्वच्छ, नाडी चांगली. मग मी हमीदकडे नीट बघितलं. पँटच्या गुडघ्यापर्यंत चिखल आणि शर्टाच्या पाठीवर पंपाच्या पट्ट्यांचे ओले डाग. निरोप मिळाल्याबरोबर फवारणी टाकून तसाच धावत आला होता तो. मी म्हटलं, "हमीदभाई, तुम्ही जरा व्हरांड्यात जाऊन उभे राहा." तो गेला, आणि त्याच्यामागोमाग वासही गेला.

ड्युटी डॉक्टरांनी सुई खाली ठेवली. "हे बरं झालं," एवढंच म्हणाले. खरोखरच बरं झालं होतं, कारण ते औषध गेलं असतं तर आम्ही सगळे मिळून भलत्याच रोगावर उपचार करत बसलो असतो.

"रमजानभाई, कुठं आहात तुम्ही?" मी विचारलं.

"पट्टा," ते म्हणाले. "पट्टा घसरून राह्यला. मशीन बंद करा."

"ही कोण आहे?" मी जैतुनबीकडे बोट दाखवलं.

त्यांनी तिच्याकडे बघितलं, आणि कुणी परकी बाई असावी तशी नजर पुढे नेली. "पट्टा चढवा बे कोनी," ते म्हणाले.

कोपऱ्यातली रिकामी कॅन मला तेव्हा दिसली. साखर तपासली, ती एवढा घोळ घालण्याइतकी कमी-जास्त नव्हती. रक्त घेतलं आणि लॅबला सांगितलं की हातातलं सगळं सोडून हे करा. लॅबवाले कागद घेऊन स्वतः जिना चढून आले. आदल्या दिवशी काठावर असलेलं सोडियम एकशे तेरावर आलं होतं. निरोगी माणसाचं एकशे पस्तीसच्या वर असतं. सिस्टरच्या टेबलावरच्या फोनवरून मी निखिलला गाठलं. तो वाटेत ओळखीच्यांकडे थांबला होता, आता कुठे बाळापूरच्या पुढे गेला होता. आकडा ऐकून म्हणाला, "मॅडम, गाडी वळवतो. तुम्ही सुरू करा."

सुरू करायचं म्हणजे दाट मिठाचं पाणी द्यायचं, रक्तापेक्षा कितीतरी खारट. कमी दिलं तर मेंदूची सूज उतरत नाही, आणि घाईनं जास्त दिलं तर मेंदूला कायमची इजा होते, माणूस जिवंत राहतो पण हलू-बोलू शकत नाही. ते थोडं थोडं द्यायचं, थांबायचं, माणूस बघायचा, रक्त बघायचं. मी बाटली मागवली आणि जैतुनबीला म्हटलं, "यांच्या अंगातलं मीठ फार कमी झालंय. मिठाचं पाणी शिरेतून द्यावं लागेल."

"नाई," ती म्हणाली.

मला वाटलं तिला नीट ऐकू आलं नसेल. परत सांगितलं.

"नाई, मॅडम. खारं पानी त्यायले नका देऊ. सासरा खाऱ्या पान्यानं गेला, जेठ गेले, यायची एक किडनी गेली. जन्मभर ते मिठापासून पयले अन् मी आता हातानं देऊ?"

हमीद दारातूनच म्हणाला, "अकोल्याले नेतो आमी. गाडी बोलावतो." वाटेत फिट आली असती तर अकोला दिसलंच नसतं. मी त्याला तसं स्पष्ट सांगितलं. तो ऐकायला तयार नव्हता. म्हणत होता, हे लोक भाईला मीठ घालून मारतील.

मला राग आला होता. फिट आली असती तर मी कुणाला न विचारता बाटली लावली असती, आणि कायदाही माझ्याच बाजूनं होता. पण अजून दोन मिनिटं हातात होती, आणि त्या बाईचं बोलणं खोटं नव्हतं. तिच्या घरात मिठानं खरंच माणसं नेली होती. मी स्टूल ओढून तिच्यासमोर बसले.

"उन्हात कापूस वेचताना बाई चक्कर येऊन पडली तर काय पाजता?"

"निंबू, साखर, मीठ."

"मीठ कशाला?"

"घामानं जाते ना ते."

"यांचं घामानं गेलं नाही. आम्ही आत सोडलेल्या पाण्यानं आणि त्या कॅनीतल्या पाण्यानं रक्त अळणी झालंय. कढीत पाणी जास्त पडलं तर काय करता?"

तिनं कॅनीकडे बघितलं. मग म्हणाली, "सासऱ्याले जे झालं ते?"

"त्यांच्या अंगात मीठ वर्षानुवर्षं जास्त गेलं. यांच्या अंगात आज पाणी जास्त झालं. आज यांना मीठ पाहिजे. उद्या नको असेल तर मीच बंद करीन."

तिनं पदर तोंडाशी धरला आणि फक्त मला ऐकू येईल असं बोलली. "काई झालं तं सारे म्हनतीन, जैतुननं नवऱ्याले खारं पानी देऊ देलं. मले त्या घरात उभं कोन करीन?"

तेव्हा मला कळलं की ही बाई एकटी कुठं उभी आहे. मी म्हटलं, "बाटली मी हातात धरते. इथून उठत नाही. काही झालं तर माझं नाव सांगा."

तिनं नवऱ्याकडे बघितलं. ते छताला पट्टा शोधत होते. "द्या," ती म्हणाली.

"भाभी," हमीद पुढे आला.

"मी म्हनलं ना, द्या."

मी दिलेला शब्द पाळला. सुनंदा नाडी बघत होती, ड्युटी डॉक्टर रक्ताचे नमुने लॅबला पोचवत होते, आणि मी थेंबांवर डोळा ठेवून होते. पहिला हिस्सा संपला, थांबलो. काही फरक नाही. दुसरा दिला. त्यानंतर रमजानभाईंनी पट्ट्याचं बोलणं थांबवलं आणि कपाळाला हात लावला. "डोकं दुखते," ते म्हणाले. इतक्या वर्षांत कुणी डोकं दुखतं म्हटल्यावर मला एवढा आनंद कधी झाला नव्हता. दुखतंय हे कळायला लागलं होतं त्यांना. रक्तातला आकडा थोडासा वर आला होता, हवा होता तेवढाच, आणि मी हात आखडता घेतला. निखिल पोचला तेव्हा त्यांना लघवी भराभर होत होती, किडनी कामाला लागली होती. तो धापा टाकत खाटेपाशी आला, कागद बघितला, पेशंट बघितला आणि तिथेच जमिनीवर बसला.

या दिवसानंतर आम्ही आमची पद्धत बदलली. आत गेलेलं पाणी आणि परत आलेलं पाणी कागदावर मांडायचं, बाहेर आल्याबरोबर सोडियम बघायचं, आणि पेशंटच्या खाटेला पाण्याची एकच लहान बाटली बांधून ठेवायची. पाहुण्यांनी पाजायचं तर त्यातलंच, आणि ती संपली की संपली. ही बाटलीची युक्ती सुनंदाची. निखिलनं नागपूरला डॉक्टरांच्या सभेत रमजानभाईंची केस सांगितली आणि खामगावात भूल देणाऱ्या मॅडमनी ती ओळखली, असं भर सभेत म्हणाला. मी तिथे नव्हते. ज्यांनी ऐकलं त्यांनी मला फोन केले, आणि मी प्रत्येकाला पुन्हा सगळं सांगायला लावलं. मोठमोठ्या शहरांत जे होतं ते आमच्याकडेही करता येतं, आणि बिघडलं तर सावरताही येतं, हे आम्ही दाखवलं. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

पण मला खरं सांगायचंय ते दुसऱ्या दिवशीच्या सकाळचं. आकडा अजून जागेवर आला नव्हता, पण बेतानं वर सरकत होता. रमजानभाई उशीला टेकून बसले होते, चेहरा उतरलेला पण नजर साफ. जैतुनबी खाली चटईवर चहा गाळत होती. हमीद अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून आला आणि भावाला सलाम करून पहिलं वाक्य बोलला ते हे: "भाई, काल तुमाले खारं पानी चढवलं. मी नाईच म्हनत होतो. भाभीनं हो म्हनलं."

जैतुनबीचा हात थांबला. तिनं वर बघितलं नाही. मी मध्ये पडणार होते, तेवढ्यात रमजानभाईंनी हात वर केला.

"तू हो म्हनली?" त्यांनी तिला विचारलं.

"हाव."

"भेव नाई वाटलं?"

"वाटलं."

"मंग?"

ती गाळणीकडे बघतच बोलली. "मॅडमनं तुमाले इचारलं, हे कोन हाय. तुमी मले ओयखलं नाई. मी म्हनलं, मले ओयखत नाई असा मानूस घरी नेऊन मी काय करू."

रमजानभाईंनी मान हलवली, यंत्र का थांबलं होतं ते कळल्यावर फिटर हलवतो तशी. मग भावाकडे वळले. "हमीद, घरी फोन लाव. अम्मीले सांग, जैतुननं वाचवलं. मामालेबी सांग अन् चाचालेबी सांग. आजच सांग."

वॉर्डात रेंज नव्हती. हमीद व्हरांड्यात गेला आणि फोन कानाला लावून मोठ्यानं बोलायला लागला. आईशी ते घरच्या हिंदीत बोलत. "हां अम्मी, होश में है. हां, नमक का पानी. नहीं, डॉक्टरां तो बोले थे, पर हां भाभीने बोली. भाभीने बचाया, अम्मी." पलीकडे ऐकू आलं नसावं, कारण त्यानं ते आणखी मोठ्या आवाजात पुन्हा सांगितलं. आजूबाजूच्या खाटांवरचे सगळे जैतुनबीकडे बघायला लागले. तिनं चहाचं भांडं खाली ठेवलं, पदर डोळ्यांवर ओढला, आणि आदल्या दिवसापासून पहिल्यांदाच रडली.